जन्मतः मधाळ

हॅलो?… कोण, टॅमोया? मोठ्यानं बोल गं, बाळ रडतंय… मी मावशीच बोलतेय, व्हेल्मामावशी. घरात दुसरं आहे कोण?

नाही, सकाळी तू आणून सोडलास तेव्हापासून झोपला नाही. बाटली तोंडात धरत नाही.

हो, आला. तुझा ड्रायव्हर डबी देऊन गेला. रंग उजळायचं मलम ना? तुझ्यासाठीच इथं ठेवायला पाठवलं असशील, वाटलं… काय? लावू? कुणाला?

अगं, दीड महिन्याचं पोर आहे ते!

'बोटभर' म्हणजे काय, 'बोटभर'?… शनिवारचं ठाऊक आहे मला. सगळ्या किंग्स्टनला ठाऊक आहे. तू लेडी टॉफी बनून बाळाला कुशीत घेऊन स्टेजवर येणार आणि तुझं तेच गाणं म्हणणार. 'जन्मतः मधाळ मी.'… वाईट कोण म्हणतंय? तुझी आई पातेल्याच्या बुडासारखी, मी त्याच पातेल्याच्या झाकणासारखी, आणि तू जन्मतः मधाळ, मधाच्या रंगाची. हेच मलम फासून भर उन्हाळ्यात डोक्यावरून जाकीट ओढून हिंडायचीस, तरी आम्ही दोघी गप्प. रेडिओ भाचीच्या पैशाचा, त्याच्याशी वाद कोण घालणार?

हो, हो… अगं ऐक ना. बाळं फिकीच जन्मतात. कानाची कड बघायची असते, खरा रंग तिथं कळतो, मी पहिल्याच दिवशी बघितली. माझ्यावर गेलाय. त्यात रडण्यासारखं काय आहे?

कोण म्हणालं? मॅनेजर? काळं पोर दिसलं की गाणं मेलं?… मग त्याला म्हणावं, दुसरं लिही.

थांब जरा, याचं टोपडं काढते. एवढ्या उकाड्यात लोकरीचं टोपडं कुणी…

टॅमोया.

कानामागे हे काय आहे?… पुरळ नाही. तीन पोरं वाढवलीत मी. कातडी सोलली गेलीय गं. बोटाला ओलं लागतंय… तू आधीच लावलंस? कधीपासून?… खरं सांग!… सोमवारपासून?

ओरडत नाहीये मी. अंग भाजतंय याचं… रडणं बघ कसं बारीक झालंय. ऐकतेस?

दवाखान्यात नेतेय. आत्ता.

मागच्या दारानं कशी जाऊ? मागे शेजारच्या पॅन्सीबाईंचा कुत्रा आहे, आणि कुत्र्याच्या मागे पॅन्सीबाई. त्यातला कुत्रा बरा… आणि पुढे फाटकाशी पोरं उभी आहेत, मोबाईल रोखून. कुणीतरी फोडलंय, लेडी टॉफीचं बाळ इथं आहे म्हणून.

तोंडावरून चादर? गुदमरेल गं तो!… ड्रायव्हर तासाभरात येईल? तासभर हे पोर… नाही. नाही बाई.

जाईल गाणं. कदाचित जाईलच. हे छप्पर त्याच गाण्याचं आहे, कळतं मला. मीही त्याच्याखालीच निजते. मला काय भीती वाटत नाही? पण आधी याची वाटू दे, गाण्याची मग वाटेल.

तू नीघ. बाजाराजवळच्या दवाखान्यात ये… फोन खांद्यात धरलाय, बोल… उघडलं फाटक.

दिसला. हो, सगळ्यांना दिसला… ए, सरक बाबा, आजारी आहे तो!… फोटो काढतायत गं.

विचारतायत, टॅमोया. कुणाचं म्हणून विचारतायत. काय सांगू?… पटकन बोल… श्वास ऐकू येतोय मला तुझा. कुणाचं सांगू?… टॅमोया?…

हॅलो?… हॅलो?

…ठेवला.

सरका रे. वाट द्या. याची आई येतेय मागून… तिलाच विचारा.