ओल नाही हो ती!

...आणि वर गावातले लोक मलाच म्हणतात, सूनबाई, तू एवढी शिकलेली, तुला भिंतीला आलेली ओल दिसली नाही का? अहो दिसेल कशी? ओल नाही हो ती, रंग आहे! मी स्वतः, या दोन हातांनी, पदर खोचून, स्टुलावर चढून, तीन दिवस खपून दिलेला रंग. पण हे बोलायची सोय राहिली नाही आता. तुम्ही वडीगोद्रीचे नाही, आमच्या सोयऱ्यांतले नाही, म्हणून तुम्हाला सांगते. जरा हळूच सांगते.

त्याचं असं झालं, कॉलेजात असताना मी एका मासिकात वाचलं होतं की दिवाणखान्याच्या चार भिंतींपैकी एकीला निराळं रूप द्यावं, म्हणजे पाहुण्यांची नजर तिथेच खिळून राहते. कृतीसुद्धा दिली होती, पाककृतीसारखी. आधी फिका रंग द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग गडद रंग पातळ करायचा, त्यात चिंधी बुडवायची, पिळायची, चुरगळायची आणि भिंतीवर टिपत जायचं. टिपायचं, पुसायचं नाही. शेवटी म्हणे भिंतीवर ढग उतरल्यासारखे दिसतात. मला ते ढग इतके आवडले होते, की इतिहासाच्या पेपराला सनावळ्या विसरले पण हे विसरले नाही.

आता आमचं घर. माझे सासरे अण्णासाहेब, शाळामास्तर. माणूस असा, की शेजाऱ्यानं 'मी घरी नाही म्हणून सांगा' म्हटलं तर हे येणाऱ्याला सांगणार, 'तो घरात आहे, पण नाही म्हणून सांगा म्हणालाय.' त्यांनी दीड वर्ष सिमेंटच्या परमिटची वाट पाहून हे घर बांधलं. प्रत्येक वीट भिजवून घेतली. एकवीस दिवस शाळेच्या आधी आणि शाळेनंतर भिंतींना स्वतः पाणी मारलं. त्या घरात कुणी 'जरा थंड लागतंय' म्हणालं तरी त्यांना तो बांधकामाचा गौरव वाटतो.

आणि माझी नणंद बेबीनंदा. मॅट्रिक झालेली, गुणी पोर. दोन ठिकाणचे पाहुणे तिला पाहून गेले आणि 'घरी जाऊन कळवतो' म्हणाले. अजून त्यांचं घर आलेलं नाही! त्यामुळे अंबडच्या पाहुण्यांचा निरोप आला तेव्हा बेबीनंदा रात्री जेवलीच नाही. मला म्हणाली, "वहिनी, ह्या डावाला बी तसंच झालं ना, तर मी कुणापुढं बसणार न्हाई बघ आता." मुलगा तहसिलीत कारकून, नाव वसंता. सासूबाई म्हणाल्या, सूनबाई, बैठक तेवढी जरा बरी दिसू दे. झालं. मला ढग आठवले.

मला हवा होता मोरपंखी. आमचे हे जालन्याला गेल्ते, त्यांनी तिथल्या मस्तगडातल्या दुकानातून डबा आणला. दुकानदारानं यांना सांगितलं, "ले जाव साब, बिलकुल मोरपंखी हाय, वाळल्यावर खुलता." मी डबा उघडला तर आत शेवाळ! बरं वाळल्यावर खुलावा ना? तो कुबटला! पण मी म्हटलं, कलेत धीर लागतो. टिपत गेले, टिपत गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टुलावरून उतरले, चार पावलं मागं सरकले आणि पाहिलं, तर तुम्हाला खरं सांगते, मला ढग दिसले.

सासूबाई आल्या. दारातच थबकल्या, तोंडाला पदर लावला. "अगं माय, एवढं पानी शिरलं कुठून?"

ओल नाही हो आत्याबाई ती, रंग आहे!

हे आले. भिंतीकडं बघितलं, मग वर स्लॅबकडं बघितलं, मग गळती शोधायला गच्चीवर गेले. अण्णासाहेब आले. त्यांनी चष्मा पुसला, लावला, परत पुसला, परत लावला. मला विचारलं, हे मासिकात आहे? मी म्हटलं, हो. छापील आहे? म्हटलं, हो. मग असेल, म्हणाले आणि पेपर वाचत बसले. पेपर उलटा होता.

आता म्हणाल, पुन्हा पांढरी का नाही केली? अहो, सकाळी पाहुणे! सासूबाई म्हणत होत्या, निदान चार कॅलेंडरं तरी लटकव. पण मीच हट्टी. मासिकात लिहिलंय, भिंत मोकळी ठेवा. मी तर तिथल्या तसबिरीसुद्धा काढून समोरच्या भिंतीवर लावल्या होत्या. नजर खिळायला जागा नको का?

खिळली हो. मासिक खोटं नव्हतं.

पाहुणे आले. जयभीम झाला, पाणी झालं. मुलाची आई झुंबरबाई, मुलगा वसंता आणि मुलाचे चुलते काकासाहेब. आणि हे काकासाहेब कोण निघावेत? कालव्याच्या कामावर गवंड्यांचे मुकादम! हयात गेलेली माणसाची भिंतींत! सतरंजीवर बसले ते नेमके भिंतीसमोर. बेबीनंदा येऊन भिंतीला पाठ करून बसली, मान खाली. आणि तिघांची नजर तिच्या डोक्यावरून... पार मागं. मी दाराआडून बघून राह्यले. मुलानं तरी बघावं? तोही तिकडंच! नाव विचारलं काकासाहेबांनी, ते भिंतीकडं बघत. शिक्षण विचारलं, ते भिंतीकडं बघत. पोर आपली उत्तरं देतेय, आणि यांचं पुढं काय, तर "बाई, हिवाळ्यात बी असंच ऱ्हातं का?" बेबीनंदा म्हणाली, "हो." तिला वाटलं स्वभावाचं विचारतायत.

मग काकासाहेब उठलेच. मुलगी ओलांडून गेले आणि बोटाच्या पेरानं भिंतीवर ठक ठक केलं. मी इकडं दचकले, हातातली बशी सांडशीवर आदळली. ते भिंतीला कान लावतायत. मग तळवा लावला. मग गाल लावला. मी डोळेच मिटले.

"कोरडी लागती," ते म्हणाले. मला वाटलं, सुटले! तर पुढं काय, "म्हंजे आतून मुरलीय. ही लई बेकार. वरून कोरडी अन् आतून वली. मास्तर, सिमेंट कुठलं व्हतं?"

अण्णासाहेबांचा चेहरा... काय सांगू तुम्हाला. एकवीस दिवस पाणी मारलेला माणूस तो! त्यांनी तोंड उघडलं. ते आता बोलणार, सगळं खरं बोलणार, हे मला दिसलं. त्यांच्यानं खोटं बोलवतच नाही. आणि त्यांनी सांगायच्या आत आपणच कबूल करावं म्हणून मी पदर सावरला आणि थेट बैठकीत गेले. म्हटलं, "काकासाहेब, ओल नाही हो ती. रंग आहे. मी मुद्दाम दिलाय."

काकासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या मायेनं पाहिलं, की मला रडूच आलं. "पोरी," ते म्हणाले, "सासऱ्याची बाजू घेती, बराबर हाय. पर मुद्दाम कुनी घराला असं करन का?"

अहो, मीच केलं होतं की!

आणि मग झुंबरबाईंनी हातातला कप खाली ठेवला. म्हणाल्या, "भावजी, बसा आता खाली. ह्या महिन्यात आपुन तीन घरं बघितली. एका घरात भिताडावर कॅलेंडरं किती, नऊ. मी उगं एक उचलून बघितलं तं मागून पोपडा माझ्या हातात. दुसऱ्याइथं ट्रंका रचल्या व्हत्या छतापोतर. अन् ह्या लोकायनं काय केलं? आपल्याला भिताडाच्या म्होरं आनून बसवलं. एक खिळा सुदीक ठोकला न्हाई तिथं. जे भिताडाची वल झाकंनात, ते पोरीची खोड काय झाकतील? मला घर पसंत हाय. वसंता, तू बोल बाबा."

वसंतानं तेव्हा पहिल्यांदा खाली पाहिलं, बेबीनंदाकडं. बेबीनंदानं वर पाहिलं. दोघंही हसले. पसंत म्हणाला.

आणि आता सगळ्यांच्या नजरा अण्णासाहेबांवर. सासूबाईंनी हात जोडलेले, पदराखाली, फक्त मला दिसत होते. अण्णासाहेबांनी एकदा भिंतीकडं पाहिलं, एकदा लेकीकडं पाहिलं. तिचा चेहरा असा फुललेला मी तोवर पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बांधताना... जरा घाई झाली आमची."

तुम्हाला सांगते, ते एक वाक्य बोलायला त्यांना ते घर बांधण्यापेक्षा जास्त मेहनत पडली.

लग्न ठरलं, वैशाखातलं. मी म्हटलं, संपलं एकदाचं, आता चुना मारून टाकू. कुठलं संपतंय! काकासाहेब पुढच्याच आठवड्यात हजर, ओलीवरचं औषध म्हणून चुना, गूळ आणि बेलफळं घेऊन. आता सोयरे झालो, म्हणाले, तुमची वल ती आमची वल. बाहेरून पायथ्याला चर खणला, त्यात ते सगळं ओतलं, आणि आत येऊन भिंतीवर जिथं माझे ढग संपतात, बराबर तिथं पेन्सिलीनं रेघ मारली. म्हणाले, दर महिन्याला येऊन बघतो, औषध लागू पडलं तर वल वीतभर खाली उतरन.

आता ते उतरायला नको का? म्हणून दर महिन्याला, ते यायच्या आदल्या दिवशी, मी दार लावून स्टुलावर चढते आणि वीतभर ढग फिक्या रंगानं बुजवते. दोन वीत बुजवले तर संशय, नाही बुजवले तर त्यांची अब्रू. मागच्या महिन्यात मी तापानं पडले होते, बुजवायचं राहिलं, तर त्या माणसाचा चेहरा इतका उतरला की अण्णासाहेबांनी स्वतः कुदळ घेऊन दुसरा चर खणायला मदत केली. स्वतःच्या घराचा पाया, हो! आणि गावात आता बोलबाला, की ओल काढावी तर अंबडच्या काकासाहेबांनी. कालच वेशीवरचे दोघं त्यांचा पत्ता विचारून गेले.

माझी कॉलेजातली मैत्रीण आल्ती परवा. ती औरंगाबादेत शिक्षिका झाली. तिनं विचारलं, बी.ए. झालीस, दुसरा वर्ग मिळवलास, सध्या काय करतेस गं?

मी म्हटलं, ओल उतरवते. अजून पाच वीत राहिलीय.