डावा गुडघा

पुतणी : हा तुमचा ब्लॅक बेल्ट. टेबलावर ठेवलाय.

काका : आधी दार लाव. बाहेर पालक बसलेत.

पुतणी : बसू देत. परवा माझ्या परीक्षेला टाळ्या वाजवायला हेच होते ना? त्यांनाही ऐकू दे, काका.

काका : कराटेच्या क्लासमध्ये मला सर म्हणायचं, असं ठरलंय आपलं.

पुतणी : सरांनी हे केलं नसतं. हे काकांचंच काम. शेवटच्या फाइटआधी तुम्ही माझ्यासमोर लढणाऱ्या या ताईला बाजूला घेतलंत आणि सांगितलंत, हिच्या डाव्या पायाला धक्का लावायचा नाही.

काका : कोण म्हणालं?

नर्स : मीच सांगितलं, सर. आत्ता कपडे बदलताना ही एवढी खुशीत होती. म्हणाली, ऑपरेशन झालेल्या पायावर उभी राहून तुला हरवलं. मला ते ऐकवेना.

काका : अगं, पुन्हा काही झालं असतं तर तुझ्या बापाला कोणत्या तोंडाने सांगितलं असतं? आधीच तो म्हणतो, सख्ख्या भावाने क्लासमध्ये माझ्या पोरीचा पाय घालवला.

पुतणी : बाबांची एवढी धास्ती होती तर मला परीक्षेला बसवायचंच नाही. मी विचारलं होतं, पाय तयार आहे का? तुम्ही म्हणालात, एकदम.

काका : मला घाई होती.

पुतणी : कसली?

काका : हा हात बघ. साधा कप धरला तरी चहा सांडतो. डॉक्टर म्हणतात, वाढतच जाणार. क्लास कुणाच्या तरी स्वाधीन करायला हवा. ब्राउन बेल्टवालीकडे पालक मुलं सोपवत नाहीत.

पुतणी : म्हणजे बेल्ट मला नव्हताच. क्लासच्या पाटीला होता.

काका : तोंड सांभाळ.

पुतणी : का सांभाळू? तुम्हाला बरं नाही, हे मला आज कळतंय. आधी सांगितलं असतं तर बेल्टबिल्ट नसतानाही रोज आले असते. मुलांना रांगेत उभं केलं असतं, मॅट झाडल्या असत्या. तुम्ही विचारलंच नाहीत. मला खोटं जिंकवलंत, आणि मी वेड्यासारखी शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोटो दाखवत फिरले.

नर्स : चूक माझीही आहे.

पुतणी : तुझा तर जास्तच राग आलाय, ताई. तू स्वतः ब्लॅक बेल्ट. सर म्हणाले आणि तू मान डोलावलीस? उद्या वॉर्डात डॉक्टरांनी चुकीचं औषध लिहिलं तर देशील?

नर्स : नाही. तोंडावर सांगेन, हे मी देणार नाही. सांगितलंय एकदा. त्यापायी बदली झाली माझी.

पुतणी : मग ती बाई इथे कुठे गेली?

नर्स : इथे आत येताना वाकायचं, जाताना वाकायचं. पुढे पुढे अंगवळणीच पडलं.

काका : ते आदराचं वाकणं. गप्प बसायला मी कुणाला शिकवलं नाही.

नर्स : शिकवलंत, सर. उलट बोलायचं असेल तर दार तिकडे आहे, असं कितीजणांना म्हणालात. जे बोलले ते गेले. आम्ही उरलो, त्यांना बेल्ट मिळाले.

पुतणी : खरं आहे हे, काका?

काका : खोटं नाही ती म्हणतेय ते.

नर्स : चल, मॅटवर ये. आता पायाला सूट नाही.

काका : आत्ता? अजिबात नाही. तिचं अंग अजून मोकळं झालेलं नाही, तू ड्यूटी करून आलीयेस. माझी परवानगी नाही.

नर्स : पाय तिचा आहे, सर. तिला विचारा. आणि जरा बाजूला व्हा.

(दोघी मॅटवर उतरतात. थोड्याच वेळात नर्सची लाथ डाव्या पायावर बसते आणि पुतणी कोसळते.)

काका : मी सांगत होतो. हलू नकोस, बर्फ आणतो.

पुतणी : हात नका लावू. माझी मी उठते.

नर्स : वाकवून बघ. आता सरळ कर. दुखतंय?

पुतणी : दुखतंय. पण पाय भार घेतोय.

काका : झालं समाधान? हरलीस.

पुतणी : हरले. परवाही हरलेच असते. हरू द्यायचं होतंत, काका. पुढच्या वर्षी पुन्हा बसले असते.

काका : पुढच्या वर्षी मी उभा असेन की नाही, कुणाला ठाऊक.

पुतणी : मग खुर्चीत बसून बघा.

नर्स : तू त्या पायाला फार जपतेस. लाथ यायच्या आधीच सगळा भार उजवीकडे टाकतेस. परवाच लक्षात आलं होतं माझ्या.

पुतणी : परवाच सांगायचंस मग.

नर्स : हो.

पुतणी : आता सांग. सावकाश, एकेक करून.

काका : मी मध्ये बोललो तर चालेल?

पुतणी : बोला ना. पटलं नाही तर सांगेन.