हरभऱ्याची आंब

मंगल : आज चव लागली बघ, विजू. काल म्हंजी काकडी धुतलेलं पानी होतं नुसतं.

विजयश्री : कालचं आणि आजचं एकच आहे, मंगलअक्का. काकडीचा रस, कोहळ्याचा रस, लिटरला अर्धा चमचा मीठ, सपाट, आणि नावाला गूळ. मोजून घालते मी.

मंगल : मग जिभंला चरचर कामून व्हायलीय? काल निम्म्या बायांनी तळ्याच्या पाळीवर ओतून दिलं. म्हनल्या, तुझ्या त्या कॉलेजवालीला सांग, ह्याच्यापेक्षा बाटलीतलं लाल शरबत बरं.

विजयश्री : लाल शरबत गेल्या उन्हाळ्यात पिलं की सगळ्यांनी. गाळ काढणाऱ्यांत सहा जणींना साखर आहे. नागरत्नाची चारशेला गेली होती, तुम्हीच दवाखान्यात नेलंत. घामातून मीठ जातं, अक्का. त्या शरबतात साखर सोडून काय होतं?

मंगल : मला नको शिकवू, मी रोजगार हमीची मेट हाय, हजेरी घेऊ का जीभ बघत बसू? चाळीस जनी उन्हात हायेत. ऑटो भाईर उभा हाय. उचलू का कॅन?

विजयश्री : थांबा, मला एक घोट बघू द्या... हे आंबट आहे. लिंबं मी तीनच पिळली होती.

वच्छलाबाई : आंब घातली मी.

विजयश्री : कधी, आत्याबाई?

वच्छलाबाई : तू मल्लूला निजवाया आत गेलतीस तवा. दोन झाकनं. काल बाया नावं ठिवायल्या म्हून कानावर आलं. म्हनलं, आपल्या सुनंचं चार बायांत हसू नको.

मंगल : आता कळलं. वच्छलाअक्का, ही आंब आता तुमच्याकडंच. हरभऱ्यावर धोतर आंथराया पहाटं उठतंय कोन? माझी सून आठला उठती, ते बी मोबाईल वाजला तर.

वच्छलाबाई : दव हाय तवरच आंथरायचं, पाल्यावरच्या आंबट दवानं भिजलं की पिळायचं. पाच पहाटा केल्या तवा ही एवढी बाटली भरली. बोटांची सालं निघाली. ऊन लागू दे, पोट दुखू दे, दोन थेंब पुरं. हिच्या चमच्याला कळायचं न्हाई ते.

विजयश्री : चमच्याला खरंच कळत नाही. पण कुठल्या वावरातली ही?

वच्छलाबाई : कुठली म्हंजी? आपल्याच. नाल्याकडच्या.

विजयश्री : येळवस अमावास्येच्या आधी काढली का नंतर?

वच्छलाबाई : आधी मी हितं व्हते कुठं? आळंदला भावाकडं गेलते, येळवशीच्या सकाळी उतरले. दुसऱ्या दिवसापासनं लागले आंबेला. कामून इचारायलीस?

विजयश्री : एक मिनिट. मोबाईल बघते.

मंगल : आता मोबाईलात आंब दिसती व्हय?

विजयश्री : डब्याचा फोटो आहे. ह्यांनी हरभऱ्यावर औषध मारलं, त्या दिवशी काढून ठेवला होता. मल्लू तेव्हा रांगायला लागलेला, हाताला लागेल ते तोंडात. काही झालं तर औषधाचं नाव तरी सांगता यावं म्हणून... हा. पंधरा डिसेंबर. येळवस एकोणीसला होती.

वच्छलाबाई : कसलं औषध?

विजयश्री : घाटे अळीचं. नाल्याकडच्या सगळ्या हरभऱ्यावर.

वच्छलाबाई : नागराज मला बोलला न्हाई.

विजयश्री : तुम्ही आलात तेव्हा वावरात तीस पानं जेवायला होती. राहून गेलं असेल. पण आठवून बघा, त्या दिवशी भज्जीला हरभरा कुणाचा होता?

वच्छलाबाई : ...ग्यानबाचा. मी म्हनलं बी, आपला हिरवागार उभा हाय अन् दुसऱ्याच्या वावरातनं कामून आनला.

विजयश्री : आपल्यावर औषध मारलं होतं, म्हणूनच आणला.

मंगल : अगं पर दोन झाकनं, अन् वीस लिटर पानी. ते बी डिसेंबरातलं. काय ऱ्हातंय त्यात आता?

विजयश्री : मला माहीत नाही.

मंगल : तू तर बीएस्सी.

विजयश्री : बीएस्सी आहे म्हणून तर माहीत नाही म्हणते. चुलीपुढं बसून हे मोजता येत नाही. मोजता येत नाही ते चाळीस जणींना कसं देऊ?

वच्छलाबाई : म्हंजी मी इख घातलं म्हन की.

विजयश्री : तसं मी म्हणाले नाही.

वच्छलाबाई : तीस वरसं झाली. जनवाड्यातल्या निम्म्या लेकरांच्या जिभंला माझी आंब लागलीया. कुनाला काय झालं न्हाई. शाळा शिकलीस म्हून सासूच्या हाताला नाव ठिवायलीस.

विजयश्री : तुमच्या हाताला नाही, आत्याबाई. तीस वर्षांपूर्वी हरभऱ्यावर काय मारत होता?

वच्छलाबाई : ...राख उधळायचो.

मंगल : अक्का, जाऊ द्या आता. विजू, हे ओतू कुठं?

विजयश्री : न्हाणीत नको, तिथलं पाणी वांग्याला जातं. उकिरड्यामागच्या खड्ड्यात. शेळी सोडून लांब बांधा आधी. आणि कॅन दोनदा विसळा, राखेनं घासून.

(मंगल कॅन ओढत परसात नेते. विजयश्री उरलेल्या काकड्या आणि किसणी पुढ्यात घेते.)

वच्छलाबाई : दे ती किसनी.

विजयश्री : राहू द्या. बसा तुम्ही.

वच्छलाबाई : रागवलीस.

विजयश्री : नाही. अकरापर्यंत काहीतरी तळ्यावर पोचलं पाहिजे. आंबटाला चिंच भिजवते, लिंबं नाहीतच... त्या बाटलीतली अजून कुणाला दिलीत?

वच्छलाबाई : तळ्याच्या वाटंवरल्या काशप्पाला एक शिशी. त्यानं उघडली बी न्हाई, देवळीत ठिवलीय म्हनत व्हता परवा.

विजयश्री : परत आणू. आणखी कुणाला?

वच्छलाबाई : आनी कुनाला न्हाई.

विजयश्री : बरं.

वच्छलाबाई : विजू.

विजयश्री : हं.

वच्छलाबाई : मल्लूला दिली.

विजयश्री : काय म्हणालात?

वच्छलाबाई : पोट फुगलं व्हतं त्याचं. रडून रडून लाल झालता. तू धुनं घेऊन गेलतीस. बोट बुडवून जिभंवर लावलं.

विजयश्री : कधी?

वच्छलाबाई : परवा. अन् त्याच्या आधी संक्रांतीला. तू नको म्हनशील म्हून बोलले न्हाई.

विजयश्री : परवापासून त्याची लाळ गळायलीय.

वच्छलाबाई : दात यायलेत त्याला...

विजयश्री : मीही तेच म्हणत होते, दोन दिवस. दर दोन तासांनी लाळेरं बदलत होते आणि दात यायलेत म्हणत होते.

मंगल : झालं बघ ओतून. शेळी लिंबाखाली बांधली, शिव्या द्यायलीय मला... काय झालं? तोंडं अशी कामून?

विजयश्री : अक्का, ऑटो सोडू नका. बिदरला जायचंय. मल्लूला डॉक्टरला दाखवते.

मंगल : का गं? सकाळी तर माझी पिशवी ओढत व्हता दारात.

वच्छलाबाई : मी आंब लावली त्याच्या जिभंला.

मंगल : ...दाताची लाळ असंल ती, विजू. माझ्या तिन्ही लेकरांची गळायची.

विजयश्री : असेल. पण अशा औषधानंही लाळ गळते. डॉक्टरांनी दाताची म्हटलं की मीही म्हणेन. आत्ता निजलाय. निजवताना छातीवर हात होता माझा, श्वास सारखा चालला होता.

मंगल : मग काकड्या सरकव इकडं. मीठ किती म्हनलीस?

विजयश्री : लिटरला अर्धा चमचा, सपाट. हा चमचा, दुसरा घेऊ नका. गूळ सगळ्याला मिळून एवढाच, बोराएवढे चार खडे. पाणी उकळून गार केलेलं हंड्यात आहे. रस फडक्यातून पिळा आणि दोन तासांत संपवा, उन्हात नासतो. ज्यांना किडनीच्या गोळ्या आहेत त्यांना हे नको, नुसतं पाणी.

मंगल : व्हय बाई. जा तू, कॅनला दुसरा ऑटो बघते. उशीर कामून झाला म्हनल्या बाया, तर सांगते काकड्या कडू निघाल्या.

वच्छलाबाई : कडू कशाला सांगतीस? वच्छलाबाईनं आंब घातली, म्हून ओतली. तसंच सांग. काशप्पाला बी जाता जाता सांग, शिशी उघडू नको.

मंगल : सांगते.

विजयश्री : मोबाईल घेतला. डब्याचा फोटो आहे. लाळेरी, दुपटं... आत्याबाई, बाटली कुठंय?

वच्छलाबाई : ही घे.

विजयश्री : ऊन आहे, तुम्ही घरीच थांबा. सकाळची गोळी घेतली का साखरेची? ह्यांना फोन करते मी वाटेतून.

वच्छलाबाई : कर. मी बी येते.

विजयश्री : आत्याबाई, मी सांगेन डॉक्टरांना सगळं. तुमचं नाव घ्यायची काही गरज नाही.

वच्छलाबाई : नावाचं न्हाई गं. त्यो इचारंल किती थेंब. ते मलाच ठाव हाय.