हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे

नाही, हसताय कशाला? आमच्या कॉलेजचा नियम मी बदललाय. मी, एकट्यानं. मोठमोठे प्राध्यापक झाले, परदेशातून शिकून आलेले झाले, कोणाच्यानं झालं नाही ते मी केलं. आता एकट्यानं म्हणजे, तुम्हाला सांगतो, डोकं मावशीचं, अक्षर मावशीचं, मी नुसती टाचणी लावली. आणि खरं बोलायचं तर टाचणीसुद्धा तिच्याच डबीतली होती. पण लावली मी. ती कशी लावली आणि त्यापायी आज माझे गुडघे का बोलतायत, तेच तर सांगतोय.

तर आमचं कॉलेज म्हणजे सार्वजनिक आरोग्याचं. विद्यापीठाच्या आवारात, पाच मजली, लिफ्ट एक, तीही मनात असेल तर. मी तिथला शिपाई. तेहेतीस वर्षं. शिक्षण सहावी, पण सहावीत मी दोन वर्षं बसलोय, म्हणजे पाया पक्का. माझं खरं काम काय, तर खाली दारापाशी जो सूचनांचा फळा होता त्यावर कागद लावायचे. कोणाची बदली, कोणाला बढती, पाणी कधी बंद, सगळं त्या फळ्यावर. सकाळी माणसं चहाचा कप घेऊन समोर उभी राहायची, वाचायची, एकमेकांच्या कागाळ्या करायची, मग कामाला लागायची. म्हणून अख्खं कॉलेज मला टाचणी म्हणतं. परवा बँकेतही मी सहीऐवजी टाचणी लिहिणार होतो.

आणि एक दिवस आल्या वार्ता मॅडम. म्हणजे त्यांचं काम बातम्या काढायचं, म्हणून आम्ही वार्ता मॅडम म्हणतो. मानेला एक झटका देऊन बोलायची सवय. "हे बघा, आता कागद वाचवायचाय. यापुढे दर सोमवारी सकाळी नऊ वाजता 'कर्मचारी वार्ता' सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर येईल." झालं. फळा काढला आणि तिथे हा एवढा टीव्ही लावला. त्या टीव्हीवर काय दिसायचं माहितीय? "आपले स्वागत आहे." सहा महिने तेच. मी रोज सकाळी यायचो, तो माझं स्वागत करायचा. संध्याकाळी घरी निघालो तरी स्वागतच करायचा.

आणि त्या वार्तेत असतं काय? अमुक सरांचा निबंध कुठेतरी छापून आला. तमुक मॅडम परिषदेला जाऊन आल्या, सोबत फोटो. फोटोत मॅडम आणि एक कुंडी. सगळ्या कामाच्या सूचना या कुंड्यांच्या मध्ये, बारीक अक्षरात. बरं, आम्हा शिपायांना आणि सफाईवाल्यांना ना कॉम्प्युटर, ना मेल. मध्यंतरी काविळीची लस आली, कर्मचाऱ्यांसाठी, फुकट. आता प्रयोगशाळेचा कचरा रोज उचलतं कोण? मावशी आणि तिच्या पाचजणी. त्यात सुया असतात, फुटक्या नळ्या असतात. आणि लस टोचून घेतली कोणी? संख्याशास्त्राच्या सरांनी. त्यांचा सुईशी संबंध म्हणजे शर्टाचं बटण तुटलं तर. मावशी विचारायला गेली तेव्हा लस संपलेली. मॅडम म्हणाल्या, "पण सूचना तर सगळ्यांना गेली होती."

मावशी म्हणजे कोण ते सांगायचं राहिलं. सफाईची मुकादम. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. दहावी पास, अक्षर असं की छापखान्यानं मान खाली घालावी. जिन्याखाली एक खोली आहे, ती या सहाजणींची. छत इतकं खाली की नम्र झाल्याशिवाय आत जाता येत नाही. एक बाक, सहा खिळे, एक नळ, आणि विटेएवढी खिडकी. पण काम झालं की तिथे हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, मगच घरी जायचं. मावशीची नात दीड वर्षाची आहे. आजी दिसली की दारातूनच हात वर करते. मावशी म्हणते, "कचऱ्याच्या कपड्यांनी तिला घेऊ कशी? आणि घेतली नाही तर ती रडं थांबवते होय?" म्हणून ती खोली.

आणि एका मंगळवारी मावशी बाकावर डबा खात बसलेली, तर एक सुतार आला टेप घेऊन. मोजायलाच लागला. मावशीला सोडून सगळीकडे मोजलं, मग म्हणाला, "जरा पाय घ्या."

"का रे बाबा?"

"इथे आरामाचा कोपरा करायचाय."

"मी आरामातच आहे."

"तसला नाही. साहेब लोकांच्या मनःशांतीचा. गाद्या टाकायच्या, दिवे मंद करायचे. पुढच्याच्या पुढच्या बुधवारी काम सुरू."

मावशीचा घास हातातच. मला हाक मारली, आम्ही दोघं थेट वार्ता मॅडमच्या टेबलापाशी. आता हे ऐका, हे मी पन्नास जणांना करून दाखवलंय.

"मॅडम, आमची खोली चालली म्हणतात."

"हो. सूचना तर सगळ्यांना गेली होती."

"आम्हाला नाही आली."

"तुमच्या मेलवर बघा."

"मेल नाही आम्हाला."

"मग उघडून घ्यायचं ना. त्याचीही सूचना सगळ्यांना गेली होती."

"कुठे गेली होती?"

"मेलवर."

बोला आता. मी हसायला लागलो. मला हसू आवरत नाही हो, लग्नातसुद्धा मी हसलो होतो, बायकोनं अजून माफ केलेलं नाही. पण मावशी हसली नाही. म्हणाली, "मॅडम, ती सूचना जरा छापून देता?" मॅडमनी दिली. कागद वाचवून वाचवून ढीगभर होताच त्यांच्याकडे. सूचनेत शेवटी लिहिलेलं, "हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे. हरकत न आल्यास सर्वांची संमती गृहीत धरण्यात येईल." सात दिवस कधीच उलटलेले.

मावशीनं तो कागद दोनदा वाचला. खोलीत आली, बाकावर बसली आणि मला म्हणाली, "टाचणी, यात खोलीचं नाव तेवढं बदललं तर?"

तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. आनंदानं.

मावशीनं कोरा कागद घेतला आणि शब्दाला शब्द उतरवला. "सफाई विभाग कळवतो की, पहिल्या मजल्यावरील डीनसाहेबांच्या बैठकीची खोली पुढील मंगळवारपासून सफाई कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीसाठी वापरण्यात येईल. हरकत असल्यास सात दिवसांत..." वगैरे वगैरे. खाली तिची स्वतःची सही, ठसठशीत. चोरीमारी काही नाही.

पण हे छापणार कोण? तर मॅडमची एक पद्धत आहे. वार्तेचा मजकूर शुक्रवारी चारच्या आत त्यांच्या ट्रेमध्ये टाकायचा. वरच्या कागदावर विभागाचा शिक्का पाहिजे. आणि एका टाचणीत जेवढे कागद, तेवढे सगळे त्याच विभागाचे, मागचे बघायचे नाहीत, टाइप करायचे. शिक्का बघून बघून त्यांचे डोळे थकतात, त्या तरी किती बघणार? आणि मोठ्या सरांच्या, म्हणजे डीनसाहेबांच्या, ऑफिसातून ट्रेपर्यंत कागद नेतो कोण? हा तुमचा सेवक.

त्या शुक्रवारी मोठ्या सरांची बातमी होती. सर परदेशात भाषण करून आले. विषय, "आरोग्याची माहिती शेवटच्या माणसापर्यंत." मी म्हटलं, देवा, शेवटची बाई इथे जिन्याखाली बसलीय, तिला सरांच्या मागेच लावतो. डबीतली एक टाचणी घेतली आणि टोचली.

सोमवारी नऊ वाजता वार्ता गेली. अकरा नंबरला सरांचं भाषण, सोबत फोटो, सर आणि कुंडी. बारा नंबरला मावशी. वर ठळक अक्षरात "डीन कार्यालयाकडून", खाली सरांची सही, कारण सर पूर्ण अंकावर एकच सही करतात, न बघता, फोनवर बोलताबोलता.

ते सात दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. मावशीला झोप नाही, आणि मला खुमखुमी. मी मुद्दाम एकेकाला विचारत हिंडायचो. "सर, या वेळची वार्ता वाचली का?" "हो हो, छान झालाय अंक." "मॅडम, वार्ता?" "वाचली की, फार माहितीपूर्ण." मोठ्या सरांनाच विचारलं. म्हणाले, "उत्तम. विशेषतः अकरा नंबरची बातमी." म्हणजे माणूस अकरापर्यंत आला, स्वतःला बघितलं आणि परत फिरला. एक ओळ खाली उतरायला काय झालं होतं? संख्याशास्त्राचे सर तर म्हणाले, "आमच्या पाहणीनुसार ब्याण्णव टक्के लोक वार्ता वाचतात." मी विचारलं, कसं कळलं? तर म्हणे, वार्तेतच फॉर्म पाठवला होता, जे वाचतात त्यांनी भरला.

सात दिवसांत हरकती किती आल्या? शून्य. मावशीनं मॅडमकडून तसं लिहूनही घेतलं. मॅडमनी न वाचता लिहून दिलं.

आणि उजाडला मंगळवार. बारा वाजता मावशी आणि पाचजणी डबे, बादल्या, घरी जायच्या कपड्यांच्या पिशव्या घेऊन बैठकीच्या खोलीत शिरल्या. सहाजणी सहा खुर्च्यांवर, पाय सैल सोडून. एकीनं पिशवी अडकवली ती मोठ्या सरांच्या प्रशस्तिपत्राच्या खिळ्याला. आणि नेमकी त्याच दिवशी विद्यापीठाची तपासणी समिती आलेली. मोठे सर पुढे, समितीच्या बाई मागे, सर वळून वळून सांगतायत, "आमच्याकडे माहिती अगदी तळापर्यंत पोचते," आणि दार उघडलं.

आत लोणचं उघडलं होतं. वास कळला सगळ्यांना.

सर थिजले. "हे काय? कोणाच्या परवानगीनं?"

मावशी उठली, पदराला हात पुसला, कागद पुढे केला आणि शांतपणे म्हणाली, "सर, सूचना तर सगळ्यांना गेली होती."

हा क्षण मी दारामागून पाहिला. मी मेलो तरी चालेल, हा क्षण माझ्याबरोबर जाईल.

सर म्हणाले, "मी अशी सूचना काढलीच नाही." समितीच्या बाईंनी चष्मा लावला. वय झालेल्या बाई, पण डोळ्यांत माझ्यासारखीच खोड. "ही सही तुमची ना?" "सही माझी, पण..." "आणि हरकत आलेली नाही असा हा तुमच्याच ऑफिसचा कागद." "अहो, पण मी हरकत घेतो ना आता." "आज आठवा दिवस आहे, डीनसाहेब."

वार्ता मॅडम धावत आल्या. मानेला झटका द्यायला गेल्या, पण तो अर्ध्यातच थांबला.

मग मावशी बोलली. "सर, आम्हाला ही खोली नकोच आहे. या खुर्च्या फिरतात, जेवताना गरगरतं. आमची आम्हाला राहू द्या. नात घ्यायची असते घरी गेल्यावर." बस, एवढंच. बाई म्हणाल्या, "चला, दाखवा तुमची खोली." गेल्या, नम्र व्हायचं कोणी सांगितलं नाही, डोकं आपटलं. डोकं चोळत चोळत तिथेच वहीत लिहायला लागल्या.

आठवड्याभरात सगळं झालं. खोली मावशीची, वर गरम पाण्याचा नळ. लस त्याच खोलीत, सहाजणींना आधी, संख्याशास्त्राचे सर रांगेत शेवटी. मनःशांतीच्या गाद्या गेल्या बैठकीच्या खोलीत, तिथे त्यांची जास्त गरज होती. आणि नवा नियम, प्रत्येक सूचना कागदावर, फळ्यावर. स्वागत करणारा टीव्ही उतरवला, माझा फळा परत लावला. पहिल्या सोमवारी वार्तेचा कागद मी स्वतः लावला. दहा पावलं मागे गेलो, कागदाचा कान तिरपा वाटला, टाचणी काढली, पुन्हा लावली. पुन्हा मागे गेलो. सरळ. जो येईल त्याला दाखवत होतो, "बघा, कसा लागलाय."

आणि कालच्या सोमवारी मॅडमनी माझ्या हातात गठ्ठा दिला. चौदा प्रती.

"मॅडम, फळा एकच आहे."

"चौदा झालेत. पाचही मजल्यांवर. लावायचे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचूनही दाखवायचे. तुम्हीच."

"मला कोणी सांगितलं?"

"सूचना तर सगळ्यांना गेली होती." मानेचा झटका परत आला होता. "तीन नंबरला. तुम्हीच लावलीत ना?"

लिफ्ट बंद. पाच मजले चढलो, पाच उतरलो, चौथ्यावर दोन माळ्यांना अख्खी वार्ता वाचून दाखवली, कुंडीसकट. आणि गुडघे धरत धरत गेलो जिन्याखाली. मावशी गरम पाण्यात पाय सोडून बसलेली. म्हटलं, "मावशी, तुझ्यासाठी मी एवढं केलं आणि माझ्या मानेवर हे चौदा फळे. तू तर सगळं वाचतेस. ती तीन नंबरची सूचना तू वाचली नव्हतीस?"

मावशीनं पाय पुसले, टाचण्यांची डबी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "वाचली की, पहिल्याच दिवशी. सात दिवस वाट बघितली. तू काही बोलला नाहीस, म्हटलं, तुझी संमती असेल."