बदलीनं पाठवणी वाजवायची नसते

—अरे थांब थांब, ते वरचं बटण लावू नको. लावलंस तर पहिल्या उंच सुरालाच तुटेल अन जाईल नवरदेवाच्या डोळ्यात. माझा कोट हाय तो सोमा, तुझ्या मापाचा कुठनं असणार? तुम्हा मालेगाववाल्यांच्या छात्या अशा कशा रे — लूमपाशी उभं राहून फुगतात का काय? बस इथं बाकड्यावर. आचाऱ्याची भांडी जरा सरकव. मंडपामागं एवढी एकच खोली मिळालीय, बायांना दिली नाय, बँडाला दिली, म्हंजे बघ आपला मान! आपले बँडमास्तर, रंगनाथ मास्तर, अन बाकीचे मारुतीच्या देवळापाशी जमतायत, नवरदेवाला तिथनं वाजत आणायचाय. त्याचं काय लवकर आटपत नाय. तोवर चार गोष्टी सांगतो. एका दिवसासाठी माझ्या जागी बदलीवर आलायस तर बदलीसारखं वागायचं. तुमच्याकडं कसं असतं मला माहीत नाय, पण नाशकात बदलीच्या माणसालाबी रीत हाय.

ती टोपी दे इकडं. हा तुरा काढायचा. बदलीच्या टोपीला तुरा नसतो — का म्हंजे? मागनं ट्रम्पेटवाल्याला दिसायला पाहिजे ना, की हा आपला नेहमीचा गडी नाय, याच्या भरवशावर दम सोडायचा नाय. नाराज नको होऊ, तुऱ्याशिवाय जास्त देखणा दिसतोस. मिशी दिसती. हां, तर गाणं तू सुरू करायचं नाय. मास्तर रुमाल हलवणार, ट्रम्पेट उठणार, मग तुझी क्लॅरनेट. नाचणारी पोरं अंगावर येतील, फर्माईश करतील — तू बहिरा. कुणी विचारलं कुठल्या बँडाचे, तर याच बँडाचा. मालेगावचं नाव काढायचं नाय. कुणी बाजूला घेऊन म्हणालं, आमच्याकडंबी लग्न हाय, तर नुसतं बोट करायचं मास्तरकडं. जेवायला पहिल्या पंगतीला बसायचं नाय — लाडू? लाडवाचं वेगळं, ते तू सकाळीच खाल्लेस, मी मोजले नाय पण आचारी बोलला मला. अन सगळ्यात मोठी रीत ऐक. ज्याच्या जागी उभा हायेस त्याला कधी विचारायचं नाय, की बाबा, तू का नाय वाजवत. तोंडानं नाय अन डोळ्यानंबी नाय. आत्ता भुवया वर केल्यास ना? तेच ते. ते नाय करायचं.

मीबी या गावात बदलीवरच आलो ना! एकाहत्तर साल. हरसूलहून आलो, अंगात दुसऱ्याचा कोट, लाल. वैशाख होता, गावात लग्नंच लग्नं. आमची वरात रविवार कारंजावर आली अन समोरनं दुसरी वरात. तो बँड पण लाल कोटवाला! मला खोड काय — वाजवताना मान वर होत नाय. डोळे बोटांवर, नायतर पुढच्याच्या बुटांवर. बूट चालले की मी चाललो. गर्दी झाली, ढकलाढकली झाली, बूट चालले, मी चाललो. मंडपात पोचलो, वाजवलं, जेवलो, दोनदा जिलबी घेतली. मग एक जाडा माणूस आला, म्हणाला, तू कोण रे? म्हणलं बदली. कुणाचा? म्हणलं तुमचा. तो म्हणाला, आमच्याकडं आज कुणी सुट्टीवरच नाय! — हस, हस. तो रंगनाथ मास्तर. मी दुसऱ्याच बँडाबरोबर दुसऱ्याच लग्नाला येऊन जेवून बसलो होतो. पण मास्तर रीतीचा माणूस. दुसऱ्या दिवशी नारळ घेतला, माझा दंड धरला अन त्या बँडाच्या दुकानात नेऊन उभा केला, तुमचा माणूस चुकून आमच्याकडं आला होता, राग धरू नका. तिथला मालक काय म्हणावा? म्हणाला, कुणाच्याबी मागं जाणारा माणूस तुम्हालाच लखलाभ. नारळ ठेवून घेतला अन मला परत दिला. असा मी या बँडात. तेरा वर्षं झाली.

तर — मी का नाय वाजवत. तू विचारू नको. मी सांगणारबी नाय. अरे नवरीचा बाप हाय मी आज! फेटा बांधायचाय, व्याह्याची गळाभेट घ्यायचीय, इकडं पळायचं तिकडं पळायचं. बँडातल्या माणसाच्या पोरीचं लग्न आपलाच बँड वाजवतो, पहिल्यापासनं चालत आलंय. अन बाप लग्नात अडकला तर बदली घ्यायचा, यात नवल काय? काहीच नाय. मग मी लोकांना दाढ दुखती असं का सांगितलं? — बघ, हे तुझ्या डोक्यात आलं का नाय? आलंच असणार. दाढ म्हणे! सगळ्या मांडवानं मला शेव-चिवडा खाताना पाहिलाय. अन इथं नाशकात पाच-सहा जण मिळाले असते बदलीला, मालेगावहून एस्टीनं माणूस कशाला आणला? तर नाशकातला गडी संध्याकाळी दुकानात बसून बोलला असता. तू उद्या जाणार. तिकडं लूमच्या खडखडाटात तुझं कोण ऐकतंय?

सिंधू म्हणाली. माझी धाकटी, आज जिचं लग्न हाय ती. महिना झाला, जेवत होतो, म्हणाली, बाबा, माझ्या लग्नात तुम्ही वाजवायचं नाय. बस, एवढंच. ताट उचललं अन गेली मोरीकडं. मी घास तसाच धरून. आता तूच सांग, बाप काय समजणार? नवरा मुलगा नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात, सासरा पण तिथलाच, कडक इस्त्रीची माणसं. मी म्हणलं, झालं, पोरीला लाज वाटती. बाप बँडाचा लाल कोट घालून सासरच्यांपुढं फुगलेले गाल घेऊन उभा राहायला नको तिला. लय लागलं मला. खोटं नाय सांगत, लय लागलं. पंधरा दिवस तिच्याशी बोललो नाय. लंकाबाईला, म्हंजे आमच्या कारभारणीला म्हणायचो, तिला सांगा मी चहा घेतला. ती तिथंच, हातभर अंतरावर! लंकाबाई म्हणायची, तुम्हीच सांगा, मी काय तुमची बदली हाय का? — मग बस्त्याच्या दिवशी गंमत बघ. व्याही स्वतः मला म्हणाले, मल्हारीराव, तुमची क्लॅरनेट लय ऐकून हाय आम्ही, लग्नात तुम्हीच वाजवणार ना? अन मी गालाला हात लावून म्हणलं, दाढ. म्हंजे लाज त्यांना नव्हतीच. मग कुणाला? मला काय कोडं सुटेना.

काल सुटलं. हळद लागत होती. मी कनातीच्या अलीकडं बसलो होतो, तुझ्यासाठीच क्लॅरनेट पुसत, तोंडाची पत्ती, रीड, बदलत. पलीकडं बाया. माझी थोरली, कुसा, सटाण्याला दिलीय, ती आलेली. कुणीतरी चेष्टेनं म्हणलं, कुसा, तुझ्या पाठवणीला बाप किती रडला गं? अन कुसा म्हणाली, माझ्या पाठवणीला बाबा कुठं होते? बँडवालेच होते नुसते. सगळ्या हसल्या. कुसाबी हसली. सिंधू नाय हसली. म्हणाली, म्हणून तर मी सांगितलंय त्यांना. — कळलं तुला? लाज नाय. पोरीला बाप पाहिजे होता, बँडवाला नको होता. अन मी पंधरा दिवस चहाचा निरोप देत बसलो.

कुसाचं लग्न अठ्ठ्याहत्तरला झालं. आमची रीत अशी — बाकीचं काय पण बदलीनं वाजवावं, पाठवणी वाजवायची नसते. पाठवणी ज्याची जागा त्यानंच वाजवायची. अन एकदा सुरू केली की गाडी वळेस्तोवर थांबायचं नाय. मास्तर म्हणाला होता, मल्हारी, आज बाजूला हो, बाप हायेस तू. मी छाती काढून म्हणलं, माझ्या पोरीची पाठवणी दुसरा कोण वाजवणार? सगळ्यांना लय भारी वाटलं. मलाबी. कुसा एकेकाच्या पाया पडत आली, आईच्या, मामाच्या, शेजारणींच्या, अन माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मी वाजवतोय. मान खाली. ती उभी. ती अजून सांगत फिरते, बाबा वाजवण्यात असे गुंग होते, त्यांना दिसलंच नाय मी समोर उभी हाय. बिचारी माझीच बाजू घेते.

सोमा, मला दिसलं होतं.

तिचे पाय दिसत होते मला. पिवळे झालेले, नवी जोडवी, ती टोचत असणार कारण एक पाय सारखा उचलत होती. कडवं संपलं. तिथं थांबता येत होतं. मास्तरनं हातानं खूण पण केली, थांब म्हणून. अन मी परत मुखडा घेतला. ती उभी. परत कडवं आलं, संपलं, परत मुखडा घेतला. रीत-बीत काय नाय रे, भ्यालो होतो मी. तोंडातनं क्लॅरनेट काढली असती तर त्या तोंडानं काय करायचं होतं? आयुष्यभर लोकांच्या पोरींच्या पाठवण्या वाजवल्या, आया-बापांना ढसाढसा रडवलं, अन मी आपला मागं, गाल फुगवून, कोरडाठाक. रडायची सवयच नाय लागली. तिनं वाट बघितली, बघितली, मग वाकून माझ्या बुटाला हात लावला अन गेली. मेटॅडोर वळली. मी थांबलो. मान वर केली तर समोर नुसता रस्ता अन अक्षता सांडलेल्या. — हे मी लंकाबाईला पण सांगितलं नाय. तुला कशाला सांगतोय काय माहीत. तू बदली, तुला काय.

अन मी किती बिलंदर बघ. काल एवढं ऐकलं, रात्रभर डोळा नाय लागला, तरी सकाळी उठून मास्तरला काय सांगितलं? म्हणलं, दिवसभर सोमा वाजवील, पण पाठवणीच्या वेळी क्लॅरनेट माझ्याकडं, रीत हाय ना! म्हंजे पोरीनं तोंड उघडून सांगितलं, थोरलीनं हसत हसत सांगितलं, अन हा बाप अजून लपायला जागा शोधतोय. चार वाजता सिंधू येणार माझ्यापुढं. क्लॅरनेट नसली तर माझे हात मोकळे. काय करायचं त्या हातांनी? डोक्यावर ठेवायचा एक, बरोबर, अन दुसरा? हसू नको रे, खरंच विचारतोय. तुला पोरगी हाय ना? लहान हाय. मग तुला काय कळणार.

ऐक आता. बाकी सगळ्या रिती पाळ, ही एक मोड. पाठवणी तू वाजव. मी येणार हाय तुझ्याकडं — मी ओळखतो ना मला — येऊन म्हणणार, सोमा, दे इकडं, माझी जागा हाय, बदलीनं पाठवणी वाजवायची नसते. डोळे वटारीन. आई-बहिणीवरनं बोलीन कदाचित, माझं तोंड लय वाईट हाय. द्यायची नाय. मास्तर म्हणाला तरी द्यायची नाय. पाठ फिरव माझ्याकडं अन वाजवत राहा. चुकला सूर तर चुकू दे. मधे थांबलास तर बघ, कारण तू थांबलास की सगळ्यांना माझा आवाज ऐकू येईल.

चल, ढोल वाजला. निघाले ते, तुझ्याशिवायच निघाले! पळ. क्लॅरनेट घे ती, बाकड्यावर काय ठेवतोस, घे हातात. मी येतो मागनं. फेटा बांधून येतो. नाय, काय झालं नाय मला. तू काय बघतोस असा, जा म्हणलं ना! त्या दारानं नको, तिकडं बाया हायेत. इकडनं जा. अन दार ओढून घे.