हिरवं पान

डॉक्टर : बसा म्हटलं ना. तिसऱ्यांदा सांगतेय.

व्यवस्थापक : बसलं की उठायला वेळ जातो, डॉक्टर. खाली दोन ट्रक उभे आहेत आणि एकाची पार्सलं दुसऱ्यात भरली आहेत. उभ्याउभ्याच सांगा.

डॉक्टर : कंपनीच्या ‘स्वतःसाठी वेळ’ योजनेत तुम्ही सलग चौथ्या आठवड्यात पहिले आलात.

व्यवस्थापक : माहीत आहे. जिन्यात फोटो लावलाय माझा. त्या फोटोतही मी फोनवरच बोलतोय.

डॉक्टर : तीनशे माणसं मनगटाला नाडी मोजणारा पट्टा बांधून फिरतात इथे. दिवसा चार तास शांत बसणं आणि रात्री आठ तास झोप, एवढं एकालाही जमत नाही. तुमच्या पट्ट्यावर मात्र रोज हिरवं पान उगवतं.

व्यवस्थापक : इच्छा असली की माणूस वेळ काढतो. नव्या लोकांना मी हेच सांगतो. चालता चालता सांगतो.

डॉक्टर : काल दुपारी दोनपासून तुम्ही पावणेदोन तास आडवे होतात.

व्यवस्थापक : काल दोनला मीटिंग होती.

डॉक्टर : मीही होते मीटिंगला. तुम्ही ओरडत होतात.

व्यवस्थापक : आतून शांत होतो.

डॉक्टर : हात बघू.

व्यवस्थापक : पट्टा आज घरी राहिला.

डॉक्टर : घरी राहिलेल्या पट्ट्याला नाडी नसते. तुमच्या पट्ट्याला आहे. आत्ताही आहे, पण चांगली नाही, म्हणून तुम्हाला वर बोलावलं. रविवारपासून मधले मधले ठोके गळताहेत. आज सकाळपासून फारच. आणि तुमच्या मानेवरची शीर मला इथून उडताना दिसतेय, त्यामुळे ती नाडी तुमची नाही. पट्टा कोणाच्या मनगटावर आहे?

व्यवस्थापक : आधी एक विचारतो. याची नोंद कुठे होते?

डॉक्टर : कोणाच्या मनगटावर आहे?

व्यवस्थापक : अप्पांच्या. माझ्या वडिलांच्या. त्यांना काही कामच नसतं हो. दिवसभर खिडकीशी खुर्चीत, नाहीतर पलंगावर. म्हटलं, घरात एवढी विश्रांती नुसती पडून आहे, कोणाच्या तरी उपयोगी पडू दे.

डॉक्टर : वय?

व्यवस्थापक : अठ्ठ्याहत्तर. पण ठणठणीत आहेत. चाळीस वर्षं पायी टपाल वाटलंय. अजून रोज सकाळी तळ्यापर्यंत जाऊन येतात. म्हणजे, यायचे. हल्ली जात नाहीत.

डॉक्टर : कधीपासून?

व्यवस्थापक : झाला असेल महिना.

डॉक्टर : आणि पट्टा बांधून?

व्यवस्थापक : महिनाच.

डॉक्टर : या कागदावर घरचा पत्ता लिहा. मी ॲम्ब्युलन्स पाठवते. तुम्ही तुमच्या फोनवरून घरी लावा, स्पीकरवर.

(बराच वेळ रिंग वाजत राहते.)

वडील : हं, बोल. दिवसाउजेडी फोन? कोण गेलं?

व्यवस्थापक : कोणी नाही, अप्पा. कसं वाटतंय तुम्हाला?

वडील : हे तूच विचारतोयस ना? आवाज तुझाच आहे, म्हणून आपलं विचारलं.

व्यवस्थापक : अप्पा, काय करताय आत्ता?

वडील : करतोय काय, बसलोय. तुझं पान भरायला पाच-सहा मिनिटं राहिली असतील. काल पाणी प्यायला उठलो तर जवळजवळ हुकलंच होतं. आज तांब्या जवळच घेऊन बसलोय.

डॉक्टर : आजोबा, मी यांच्या कंपनीची डॉक्टर बोलतेय. छातीत दुखतंय का?

वडील : नमस्कार, बाई. दुखत नाही. कोणी छातीवर गुडघा टेकून बसल्यासारखं वाटतंय. आणि डावा हात जड झालाय. पण पट्टा त्याच हाताला आहे, म्हटलं पट्ट्याचं वजन असेल.

डॉक्टर : कधीपासून होतंय?

वडील : सकाळी यानं पट्टा चार्ज करून पुन्हा बांधला, त्याच्या आधीपासून. सांगणार होतो, पण तेवढा वेळ हा थांबतो कुठे. एक भोक चुकवतो, दुसरं सापडतं, की निघाला. पण खोटं कशाला बोलू, महिनाभर रोज हात धरतो माझा. त्याआधी कधी धरला होता, आठवत नाही. म्हणून मीही पट्ट्याची कुरकुर केली नाही.

व्यवस्थापक : अप्पा, सकाळची गोळी घेतलीत ना?

वडील : ती स्वयंपाकघरात आहे. उठलं की गुण जातात. तूच म्हणालास, गुण गेले की फोटो जातो, आणि फोटो गेला की बढती जाते.

व्यवस्थापक : मी गमतीत म्हणालो होतो.

वडील : असेल. तुझी गंमत ओळखायची सवय राहिली नाही.

डॉक्टर : आजोबा, जागचे हलू नका. गाडी निघालीय, दहा मिनिटांत दारात येईल. दार उघडं आहे ना?

वडील : आतून कडी आहे.

व्यवस्थापक : दिवसाची कडी कशाला घातलीत?

वडील : तूच सांगितलंस. शेजारचे मास्तर येतात, गप्पा रंगतात, त्यांना दाखवायला मी जुने फोटो काढायला उठतो, की तुझं पान पिवळं पडतं. आता मी उठून कडी काढू, की उठू नको? तुम्ही दोघं मिळून एक काय ते ठरवा.

डॉक्टर : उठू नका. ते दार तोडतील.

वडील : गेल्याच वर्षी रंग दिलाय दाराला.

व्यवस्थापक : अप्पा, मी निघालो. जिन्यात आहे. फोन ठेवू नका, बोलत राहा.

वडील : काय बोलू? मागून कोणीतरी तुला हाका मारतंय.

व्यवस्थापक : मारू दे.

वडील : ट्रक अडले असतील. बघून घे आधी. टपाल कधी अडवू नये, कोणीतरी दारात वाट बघत उभं असतं.

व्यवस्थापक : अप्पा, गाडीपाशी पोचलो मी. तुमचा आवाज बारीक येतोय. फोन तोंडाजवळ धरा.

वडील : जवळच आहे. हे बघ, पट्टा थरथरला. झालं हिरवं तुझं पान.

व्यवस्थापक : काढून टाका तो, अप्पा. ऐकताय ना? अप्पा?

वडील : असू दे, तूच येऊन काढ. सावकाश ये. मला काही घाई नाही.