फेब्रुवारीतली छाटणी

आदरणीय अध्यक्ष ल्युबिशा महाशय, व्यासपीठावरील पाद्री तिहोमिर, ज्यांच्या निरोपासाठी आपण सारे जमलो ते आपल्या शाळेचे निवृत्त होणारे माळी रादिसाव काका, माझे शिक्षक सहकारी, आणि मागच्या बाकांवर चीज भरून भाजलेल्या गिबानित्साकडे डोळे लावून बसलेल्या इबार नदीकाठच्या बंधुभगिनींनो!

मुख्याध्यापिका या नात्यानं मला पाच मिनिटं मिळाली आहेत. काकांनी येतानाच बजावलंय, "बाई, थोडक्यात आटपा, गिबानित्सा गार होईल." हसू नका, खरंच म्हणाले.

एकतीस वर्षं या माणसानं शाळेचं अंगण राखलं. पण अंगण म्हटलं की काय आठवतं? फाटकापाशी उभा असलेला जांभळ्या तुऱ्यांचा लायलॅक. साठी उलटलेलं झाड. मे महिन्यात जुर्जेव्दानच्या सणाच्या सकाळी घराच्या दाराला लावायला निम्मं गाव त्याच्या फांद्या न्यायला येतं. मी नवी होते, मला ती लूट वाटली. मी पाटी लावली, 'फांद्या तोडू नयेत.' काका म्हणाले, "बाई, लूट कसली? ही छाटणी आहे. कुठली फांदी न्यायची ते मीच दाखवतो. फुलं आहेत तोवर कापलं, की झाड उन्हाळ्यात पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे धरतं." पण मी शहरात शिकून आलेली! ऐकतेय कशाला?

त्या मे महिन्यात छाटणी झालीच नाही. पुढं फेब्रुवारीत तपासणीचे साहेब येणार म्हणून मला झाड नीटनेटकं हवं होतं. काकांनी साफ नकार दिला. "डोळे भरलेत, आता हात लावू नका." मग एका रविवारी, ते चर्चमध्ये असताना, मी स्वतः शिडी लावली आणि झाड गोल कापून काढलं. हजामतच केली म्हणा ना.

त्या वसंतात एकही तुरा आला नाही. जुर्जेव्दानला गाव रिकाम्या हातानं परतलं. तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "रादिसाव म्हातारा झाला, हात थरथरतो त्याचा." देसांका काकू, तुम्ही तर तोंडावर म्हणालात. मी व्हरांड्यात उभी होते. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काकूंना म्हणाले, "झाड थकलंय, विश्रांती घेतंय." मी गप्प राहिले. दोन वर्षं गप्प राहिले. त्याची मला लाज वाटते.

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते, ती छाटणी माझी होती. काकांचा हात कधीच थरथरला नाही.

त्यांनी काय केलं? दर मे महिन्यात जुन्या खोडांचा तिसरा हिस्सा जमिनीलगत कापला, मुळाशी आलेल्या फुटव्यांतले दोन-तीन जोमदार तेवढे ठेवले, वर शेणखत घातलं. कडेच्या उंच फांद्या कापताना शिडी धरायला मला लावलं. "धरा बाई, शिडीची तुम्हाला सवय आहे." टोमणा काय तो एवढाच!

यंदा जुर्जेव्दानला तुरे सगळ्या दारांना पुरले आणि उरलेसुद्धा. पाहून फार बरं वाटलं. आता फुलं सरत आलीत आणि जुन्या खोडांपैकी कापायची शेवटची तीन राहिलीत.

समितीचे, पाद्रीबाबांचे आणि गिबानित्सा भाजणाऱ्या देसांका काकूंचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या रविवारची माफी मात्र सभेच्या हातात नाही. काका, ती तुमच्याकडेच मागते.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं... काका म्हणतायत, "करवत घ्या आणि चला. या वेळी शिडी नको, खालून कापायचंय."